बाबांच्या दोन ट्यूब

बाबांच्या उजव्या कोपराच्या खळग्यातली शीर इतकी ठसठशीत होती की दंडाला पट्टा बांधायचीही गरज पडायची नाही, नुसती मूठ आवळली की वर यायची. मी त्या शिरेतून दोनदा रक्त काढलंय. एकदा मुंबईत परळजवळच्या एका लॅबमध्ये सकाळी अकराला, आणि एकदा नाशिकरोडला जेलरोडच्या आमच्या घरात, पहाटे साडेपाचला, आई शेजारी स्टोव्हवर चहा टाकत असताना. वर्ष १९९२. मी तेव्हा पीएचडी करत होते आणि विषय होता माणसाच्या लिम्फोसाइटवरचे, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींवरचे, बीटा ॲड्रेनर्जिक रिसेप्टर. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती रक्तावर काहीतरी करते," आणि खरं सांगायचं तर याच्याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

त्या दोन ट्यूब माझ्या थिसिसमध्ये कुठेही नाहीत. पण मला त्या पाच वर्षांत जे काही कळलं ते त्यांच्यामुळेच कळलं, म्हणून हे लिहितेय.

आधी रिसेप्टर म्हणजे काय ते सांगते. आईला मी सांगितलं होतं तसंच सांगते. नाशिकरोडला शिफ्टचा भोंगा वाजला की अख्ख्या वस्तीला एकच आवाज ऐकू जायचा, पण प्रत्येक घरात वेगळं काहीतरी व्हायचं. कुणी डबा भरायला घ्यायचं, कुणी कामावरून यायचं म्हणून कुणी कुकर लावायचं, कुणी पोराला उठवायचं आणि तान्हं बाळ असलेल्या घरात नुसती चिडचिड व्हायची. ॲड्रेनॅलिनचं तसंच आहे. किडनीवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ते रक्तात सोडतात, कुत्रा मागे लागला किंवा परीक्षेचा पेपर हातात पडला की, आणि ते रक्तातून सगळीकडे पोचतं, पण हृदय जोरात धावायला लागतं, श्वासनळ्या सैल पडतात, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. भोंगा एकच, पण ज्याचे कान जसे तसं ते ऐकणार. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेले हे कान म्हणजे रिसेप्टर.

हे कान असतात का, यावरच शास्त्रज्ञांचं कितीतरी वर्षं एकमत नव्हतं, हे मला शिकायला लागल्यावर कळलं तेव्हा फार नवल वाटलेलं. ॲड्रेनॅलिनचे स्फटिक जपानच्या जोकिची ताकामिनेने १९०१ सालीच वेगळे काढले होते. मग १९४८ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये रेमंड आल्क्विस्ट नावाच्या माणसाने ॲड्रेनॅलिनसारखी सहा द्रव्यं घेतली, ती वेगवेगळ्या अवयवांवर लावून बघितली आणि कुठलं द्रव्य जास्त जोर करतं त्याचा क्रम लावला, तर क्रम दोनच निघाले. काही अवयवांत एक, काहींत जवळजवळ उलटा. त्यावरून तो म्हणाला, दोन जातीचे रिसेप्टर असणार, एक अल्फा, एक बीटा. तो पेपर एका जर्नलने आधी परत पाठवला होता! आणि गंमत म्हणजे १९७३ सालीसुद्धा खुद्द आल्क्विस्ट म्हणत होता की रिसेप्टर ही माझ्या लेखी एक अमूर्त कल्पना आहे, परिणाम समजावून सांगायला केलेली. म्हणजे ज्याने कान शोधले त्याचाच कान प्रत्यक्ष सापडतील यावर भरवसा नव्हता. तोवर जेम्स ब्लॅकने त्याच कल्पनेवर प्रोप्रॅनोलॉल बनवलंही होतं, १९६४ च्या सुमारास, हृदयाच्या बीटा कानात बोळे घालणारं औषध, लाखो लोक ते घेत होते. त्याला १९८८ साली नोबेल मिळालं.

कान प्रत्यक्ष मोजायचं काम केलं ते रॉबर्ट लेफ्कोविट्झच्या ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या लॅबने आणि त्याच सुमाराच्या आणखी दोन-तीन लॅबनी, सत्तरच्या दशकाच्या मध्यात. युक्ती अशी की बीटा रिसेप्टरला घट्ट चिकटणारं औषध घ्यायचं, त्याच्यावर किरणोत्सारी अणू लावायचा, ते पेशींवर टाकायचं, जादाचं धुऊन काढायचं, आणि पेशींवर किती किरणोत्सार उरला ते मोजायचं. आधी बेडकाच्या आणि टर्की पक्ष्याच्या लाल पेशी वापरल्या, कारण त्यांच्यावर हे रिसेप्टर भरपूर आणि पेशी हव्या तितक्या मिळतात. माणसाच्या लाल पेशीचा तसा उपयोग नाही, तिच्यावर फारच कमी सापडतात. मग १९७६ साली त्याच लॅबने माणसाच्या लिम्फोसाइटवर बीटा रिसेप्टर मोजून दाखवले, एका पेशीवर साधारण दोन हजार. रक्तातल्या प्लेटलेटवर वेगळे असतात, अल्फा-दोन जातीचे, एका प्लेटलेटवर काहीशे, आणि ते मोजायला आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतून मिळणारं योहिंबीन वापरतात. लेफ्कोविट्झलाही पुढे २०१२ साली नोबेल मिळालं, ब्रायन कोबिल्काबरोबर. मी तोवर नाशिकला परत येऊन शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवून तास संपेपर्यंत हेच बोलत होते.

आता रक्तच का, तर हृदय कोण देणार? ज्याचा खरा प्रश्न आहे तो अवयव छातीच्या पिंजऱ्यात आहे. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा मिळतो तो ऑपरेशनच्या वेळी किंवा हृदय बदलताना. १९८२ साली अमेरिकेत ब्रिस्टो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बदलून काढलेली थकलेली हृदयं तपासली तर त्यांच्यावरचे बीटा रिसेप्टर निम्म्यावर आलेले. दिवसरात्र भोंगा वाजत राहिला की घरातली माणसं कसं दारंखिडक्या लावून घेतात, तसं. थकलेलं हृदय नीट पंप करत नाही म्हणून शरीर सारखं ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिन ओतत राहतं आणि हृदय आपले कान कमी करत जातं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं होतं, का ते माहीत नाही, हॉस्टेलच्या खोलीत बसून. पण अशी हृदयं रोज मिळत नाहीत, आणि धडधाकट माणसाचं तर नाहीच. चाळीस मिली रक्त मात्र कुणीही देतो. म्हणून सगळ्यांनी लिम्फोसाइट धरल्या, की यांच्यावरचे कान मोजू आणि त्यावरून आत काय चाललंय त्याचा अंदाज बांधू.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "म्हणजे दुतोंड्या मारुतीच की."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, दोन्हीकडे तोंड असलेली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकतात खरे, पण विचारतात एकच, मारुतीच्या कुठे लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डोक्यावरून गेलं होतं. वर धरणात जाऊन कोण बघतोय, मारुती रस्त्यावरून दिसतो. बाबांनी एका वाक्यात माझ्या थिसिसचं पहिलं प्रकरण सांगितलं होतं. दुसरं प्रकरण पण त्याच वाक्यात होतं, पण ते मला कळायला वेळ लागला.

लॅबमधलं काम कसं असायचं ते जरा सविस्तर सांगते कारण मला त्या कामाचा अजून मोह आहे. चाळीस मिली रक्त, हेपॅरिन घातलेल्या ट्यूबमध्ये, म्हणजे गोठत नाही. त्यात तेवढंच सलाईन मिसळायचं. दुसऱ्या ट्यूबच्या तळाशी फायकॉल नावाचं दाट, पाण्यासारखं स्वच्छ द्रव असतं, त्याच्यावर हे रक्त इतकं हळू सोडायचं की दोन थर एकमेकांत मिसळता कामा नयेत, ट्यूब तिरकी धरून, भिंतीवरून, श्वास रोखून. हात हलला की संपलं. मग अर्धा तास सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवणारं यंत्र, आणि थांबवताना ब्रेक लावायचा नाही, ते आपलं आपण थांबू द्यायचं. झाकण उघडलं की खाली लाल गाळ, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधोमध एक पांढरा ढगासारखा कडा, दुधावर साय धरायला लागते ना तेवढाच. त्या कड्यात लिम्फोसाइट. ही पद्धत नॉर्वेच्या आर्ने बॉयूमने १९६८ साली दिली आणि आजही जगभर तशीच चालते. पिपेटने तो कडा अलगद ओढून घ्यायचा. चाळीस मिलीतून चार-पाच कोटी पेशी मिळाल्या की तो दिवस चांगला.

मग छातीवर रेडिएशनचा बॅज लावून आतल्या खोलीत. आयोडीन-१२५ लावलेलं पिंडोलॉलच्या जातीचं औषध, त्या आयोडीनचा किरणोत्सार साठ दिवसांनी निम्मा होतो, म्हणून नवा माल आला की सगळ्यांची प्रयोगांची घाई. पेशींवर ते टाकायचं, सदतीस डिग्रीला ठेवायचं, काचेच्या तंतूंच्या फिल्टरमधून खेचून घ्यायचं, थंडगार बफरने धुवायचं आणि फिल्टर काउंटरमध्ये टाकायचा. पण यात एक मेख असते. ते औषध रिसेप्टरला चिकटतं तसं पेशीच्या चरबीला, फिल्टरला, कशालाही थोडं थोडं चिकटतं. म्हणून प्रत्येक ट्यूबची एक जोडीदार ट्यूब असते, तिच्यात आधी भरपूर साधं प्रोप्रॅनोलॉल घालून सगळे खरे कान बुजवून टाकायचे, आणि मग जे चिकटेल ते उगाचचं. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर आधी भरलेला चढतो, मग रिकामा, आणि दोन्हीतला फरक म्हणजे कांदा. अगदी तसंच. फरक म्हणजे रिसेप्टर. मामा कांदावाले होते त्यामुळे मला हे समजावून द्यायची कधी गरजच पडली नाही.

तर माझा विषय होता वय. तरुण आणि उतारवयाच्या धडधाकट माणसांच्या लिम्फोसाइटवर बीटा रिसेप्टरची संख्या वेगळी असते का. तरुण म्हणजे हॉस्टेलची मुलं, ती समोशाच्या बोलीवर मिळायची. पन्नाशीच्या पुढचे, कुठलंही औषध न घेणारे, असे कुठून आणायचे? बाबा छप्पन्न वर्षांचे, ब्लडप्रेशर नाही, शुगर नाही, तंबाखू नाही. म्हणाले, मी येतो.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून आले. त्या दिवशी कसारा घाटानंतर गाडी रखडली, दादरला उशिरा पोचली, आणि मला अकराची वेळ दिलीय म्हणून हा माणूस दादरच्या पुलावरून जवळपास पळत सुटला, बस मिळेना म्हणून परळपर्यंत झपाझप चालत आला, लॅबची लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले चढला आणि घामाने थबथबून दारात उभा राहून म्हणाला, "उशीर नाही ना झाला गं?" मी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, संमतीपत्रावर सही घेतली आणि पाच मिनिटांत सुई घातली. मला पण घाई होती, सेंट्रिफ्यूज दुसऱ्या एका मुलीला हवं होतं.

आकडा आला तो खूप जास्त. माझ्या हॉस्टेलच्या मुलांपेक्षाही बराच जास्त. तसे माझे आकडे आधीपासूनच पसरलेले होते, एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट, आणि मला वाटायचं माझाच हात चुकतोय. पण बाबांच्या वेळी सगळं नीट झालेलं. मी पुढच्या शनिवारी घरी गेले, सोमवारी पहाटे ते अंथरुणातच आडवे असताना दुसऱ्यांदा रक्त काढलं, ट्यूब रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवल्या, पंचवटीत खिडकीशी बसून मांडीवर धरून नेल्या आणि साडेअकराला सेंट्रिफ्यूजला लावल्या. आकडा खाली आला, आणि चांगलाच खाली.

मी नाचतच सरांकडे गेले. सरांनी दोन्ही कागद बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, पहिलं रक्त किती वेळात लावलंस? वीस मिनिटांत. दुसरं? सहा तासांनी. मग याची तुलना कशी करणार तू? सहा तास ट्रेनमध्ये हललेलं रक्त आणि ताजं रक्त. दोन्ही फेकून दे. मला इतका राग आला होता! पण त्यांचं बरोबर होतं, आणि फेकून दे म्हटल्यावर त्यांनी जे विचारलं ते जास्त महत्त्वाचं होतं, की पहिल्या वेळी वडील कसे आले होते?

मी म्हटलं, पळत.

त्यानंतर सगळं बदललं. आठ मुलं घेतली, प्रत्येकाला अर्धा तास आडवं झोपवलं, शिरेत बारीक कॅन्युला ठेवून, म्हणजे पुन्हा टोचायला नको. पहिलं रक्त झोपलेलं असताना. मग चार मजले खाली आणि वर, धापा टाकत आला की लगेच दुसरं. मग पुन्हा झोपवून तिसरं. एकाच जागी, एकाच हाताने, तेवढ्याच वेळात लावलेलं. दुसऱ्या रक्तात रिसेप्टर जास्त, तिसऱ्यात परत खाली. पाच-दहा मिनिटांत पेशी नवे रिसेप्टर तयार करून पडद्यावर आणत नाहीत, ते मला माहीत होतं. मग आले कुठून?

याचं उत्तर तेव्हा नुकतंच बाहेर येत होतं, १९९० च्या आसपास. लिम्फोसाइट म्हणजे एकच जात नाही. मदतनीस टी पेशींवर बीटा रिसेप्टर कमी, मारक टी पेशींवर त्याहून जास्त, आणि नॅचरल किलर नावाच्या पेशींवर सगळ्यात जास्त. आणि या किलर पेशी एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना, प्लीहेत, इथे तिथे टेकून बसलेल्या असतात. ॲड्रेनॅलिनचा भोंगा वाजला की त्याच सगळ्यात आधी ऐकतात, कारण त्यांचेच कान जास्त, आणि सुटून रक्तात येतात. विश्रांती घेतली की परत जागेवर. म्हणजे माझ्या ट्यूबमधल्या प्रत्येक पेशीचे कान वाढलेच नव्हते, ट्यूबमध्ये आलेली मंडळीच वेगळी होती. सिंहस्थ तेव्हा नुकताच होऊन गेला होता, आणि पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर उभं राहून डोकी मोजली आणि म्हटलं नाशिककर असे दिसतात, असे कपडे घालतात, तर ते जितकं खरं होईल तितकाच माझा आकडा खरा होता. साधं उठून उभं राहिलं तरी पाच-दहा मिनिटांत रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन साधारण दुप्पट होतं, मग चार मजल्यांचं काय सांगावं. आणि मी वर्षभर ज्यांचं ज्यांचं रक्त घेतलं होतं त्यातला कोण बसून होता आणि कोण जिना चढून आला होता याची वहीत एक ओळ नाही. एक वर्षाचं काम गेलं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मारुतीपाशी येतं ते सगळं पाणी काही धरणाचं नसतं, गावातल्या नाल्यांचंही असतं की त्यात." त्यांना हे आधीपासून माहीत होतं!

वयाचं उत्तर म्हणाल तर, नीट आडवं झोपवून मोजलं तेव्हा तरुण आणि वयस्कांच्या संख्येत सांगण्यासारखा फरक नव्हता. माझ्या आधीही काहींना तसंच दिसलं होतं. संख्या तीच राहते, पण कान असले तरी निरोप आत पोचवायची ताकद वयाने कमी होते. थिसिस झाला, बरा झाला. मला तो फार आवडत नाही, मला त्याच्या आधीची चुकलेली वही आवडते.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायची मी टाळत आले.

रिसेप्टर कमी होतात तसे वाढतातही. दम्याचा माणूस टर्ब्युटालिनसारखं बीटा रिसेप्टरला चेतवणारं औषध रोज घेत राहिला की त्याच्या पांढऱ्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर कमी होतात, हे रक्तातच दाखवलंय. आणि उलट प्रोप्रॅनोलॉल देऊन कानात बोळे घातले की काही दिवसांत लिम्फोसाइटवरचे रिसेप्टर वाढतात, १९८० साली धडधाकट माणसांवर हे करून बघितलेलं. ऐकू येत नाही म्हणून पेशी आणखी कान उगवते. जोवर बोळे आहेत तोवर काही बिघडत नाही. पण बोळे एकदम काढले तर? कान जास्त आणि भोंगा तोच. छातीत धडधड, ब्लडप्रेशर वर, ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याला अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, कधी अटॅक. म्हणून बीटा ब्लॉकर, म्हणजे असं बोळे घालणारं औषध, एकदम बंद करायचा नसतो, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायचा असतो. हे मी दरवर्षी शिकवते. परीक्षेत विचारते.

बाबांना रिटायर झाल्यावर ब्लडप्रेशर निघालं आणि ॲटेनोलॉल सुरू झालं, पन्नास मिलिग्रॅम, रोज सकाळी. १९९८ च्या श्रावणात त्यांना तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी करायची होती. गोळीने पाय जड होतात, चढावर दम लागतो अशी त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती, बीटा ब्लॉकरने तसं होतं. त्यांनी स्वतःच ठरवलं की फेरीपुरती गोळी नको, आणि चार दिवस आधी बंद केली. कुणाला बोलले नाहीत. गोळी लिहून देणाऱ्याने ही एकदम बंद करू नका असं कधी सांगितलं नव्हतं. आणि मीही नव्हतं सांगितलं. मी, जिने या एका गोष्टीवर आयुष्यातली पाच वर्षं घातली होती, जिच्या थिसिसमध्ये यावर अख्खं उपप्रकरण आहे, तिने घरच्या माणसाला दोन वाक्यं सांगितली नाहीत. कधी डोक्यातच आलं नाही की हे ते आहे. लॅबमधलं प्रोप्रॅनोलॉल आणि आमच्या फ्रिजवरच्या डब्यातली ॲटेनोलॉलची पट्टी ही एकच गोष्ट आहे हे माहीत असणं आणि ते वेळेवर आठवणं यात किती अंतर असतं ते मला त्या रात्री कळलं.

रविवारी रात्री, फेरीच्या आदल्या रात्री, छातीत दुखायला लागलं. घाम, डावा हात, सगळं. शेजाऱ्यांच्या मारुती व्हॅनमधून शहरात आणलं, द्वारका चौकात त्या वेळी पण गर्दी, कारण सगळी माणसं त्र्यंबकला निघालेली. आयसीसीयूत घेतलं. ईसीजीत बदल होते पण थोडक्यात निभावलं. गोळी बंद केली होती हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मी शेजारी उभी होते, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर मी त्यांना सगळं समजावलं, कान, बोळे, वाढलेले कान. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मग माझं रक्त तपासलं असतंस त्या वेळसारखं तर हे आधी दिसलं असतं का गं?"

मी बराच वेळ गप्प होते. कारण उत्तर नाही असं होतं. बीटाच्याही पुढे पोटजाती आहेत, हृदयावर मुख्यतः बीटा-एक जातीचे रिसेप्टर असतात, लिम्फोसाइटवर फक्त बीटा-दोन. ॲटेनोलॉल मुख्यतः बीटा-एकवरच बसतं. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या तुकड्यांवर जर्मनीत ब्रॉड्डे आणि मंडळींनी हे मोजलेलं आहे, की अशा निवडक बीटा ब्लॉकरने हृदयातले बीटा-एक रिसेप्टर वाढतात, बीटा-दोन आहेत तसेच राहतात, आणि त्याच माणसांच्या लिम्फोसाइट शांत असतात, काही झालंच नाही अशा. म्हणजे मी त्यांचं चाळीस मिली रक्त काढलं असतं, फायकॉलवर अलगद सोडलं असतं, तो पांढरा कडा ओढून घेतला असता, सगळं न चुकता केलं असतं, तरी आकडा म्हणाला असता सगळं ठीक आहे.

मी हे त्यांना सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं.

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पूर गोदावरीला, आणि आपण मारुती नेऊन ठेवलाय चेहेडीला, दारणेच्या काठावर."

मी हो म्हटलं. गोळी परत सुरू झाली होती, मॉनिटरवर ठोके बासष्टच्या आसपास होते, बाहेर पाऊस लागला होता. रात्री दोनला सिस्टर आली, तपासणीला रक्त हवं होतं. ती ट्रेमध्ये पट्टा शोधत होती. बाबा झोपेत होते, पण कोपराला स्पिरिटचा गार बोळा लागला तशी त्यांची मूठ आपोआप आवळली गेली.